एप्रिलमधली आघाडी किती खरी मानायची?

प्रश्न: मेजर लीग बेसबॉलमध्ये दर वर्षी सुरुवातीला एखादी टीम अशी काही खेळते की डोळ्यांवर विश्वास बसत नाही. २०२३ ला पायरेट्स बघा, आदल्या वर्षी १०० मॅच हरलेली टीम आणि एप्रिल संपताना २० जिंकून बसलेली, मी तर पार हरखून गेलो होतो, पण शेवट ७६-८६ (७६ जिंकल्या, ८६ हरल्या). मग नेमकं बघायचं काय?

उत्तर १: रन्सचा फरक बघा, म्हणजे टीमने काढलेले रन्स वजा दिलेले रन्स. त्याच वर्षी रेज टीमवाले सुरुवातीलाच सलग १३ मॅच जिंकले, त्यातल्या पहिल्या नऊ तर प्रत्येकी चार किंवा जास्त रन्सनी. समोर अ‍ॅथलेटिक्ससारख्या कमकुवत टीम होत्या हे मान्य, तरी असं हरवायला दम लागतोच, आणि शेवटी ९९ जिंकलेच ना. प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) मात्र रेंजर्सनी दोनच मॅचमध्ये घरी पाठवलं, फार वाईट वाटलं.

उत्तर २: १९८७ चे ब्रुअर्स पण १३-० होते, ९१ जिंकूनही प्लेऑफ नाही मिळालं. १६२ मॅच असतात हो, पिचरचे (बॉल टाकणाऱ्यांचे) खांदे-कोपर तोवर टिकले पाहिजेत.

उत्तर ३: उलटं पण होतं. नॅशनल्स २०१९ ला १९-३१ होते, लोकांनी आशाच सोडलेली, आणि त्यांनीच वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल जिंकली! मी तरी ५० मॅच होईपर्यंत कुणालाच बाद धरत नाही, आणि नॅशनल्सनंतर तर ५० पण कमीच वाटतात.

प्रश्नकर्ता: रन्सच्या फरकाचं पटलं, यंदा तेच बघतो.