विषय: कोर्फूत एक दिवस, आईबाबांसोबत

नमस्कार मंडळी,
शनिवार, ११ एप्रिल २०२६ हा अख्खा दिवस आम्ही ग्रीसच्या कोर्फू बेटावर, कोर्फू शहरात आहोत. सोबत आईचे गुडघे आणि बाबांचा उत्साह. दोघांनाही झेपेल असं काय करावं? आई शाकाहारी आहे.

---

उत्तर:
जुन्या किल्ल्याच्या माथ्यावर चढायच्या फंदात पडू नका. खंदकावरच्या पुलावरून खाली बांधलेल्या होड्या बघा, पुरे.

सकाळी लिस्टनच्या कमानींखाली खुर्च्या धरा. समोर स्पियानाडाचं मैदान, आणि नशीब असेल तर त्यावर चक्क क्रिकेट! १८१५ ते १८६४ हे बेट इंग्रजांच्या ताब्यात होतं. १८२३ पासून इथे क्रिकेट खेळतात. साहेब गेला, बॅट ठेवून गेला. बोल्डला इथले लोक 'अपो क्सिला' म्हणतात, म्हणजे लाकडावरून. मैदानाला लागूनच पार्किंग. आमच्यासमोर एक चौकार गाडीखाली गेला आणि दोन खेळाडू पालथे पडून बॅटनं चेंडू ओढत होते. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसावं तसा मी दोन तास बसलो. बायको तेवढ्यात सगळी दुकानं बघून आली. 'त्सित्सिबिरा' मागवा, आलं-लिंबाचं गार पेय आहे, तेही साहेबाचंच. कुमक्वाट या इवल्या संत्र्यासारख्या फळाची दारू मात्र खोकल्याच्या औषधासारखी लागते (वैयक्तिक मत).

दुपारी निळ्या सिटी बसनं कानोनी. खाली पाण्यात पांढरा मठ, पलीकडे पोंडिकोनिसी म्हणजे उंदीर-बेट, आणि कॉफी पिता पिता समोरून उतरणारी विमानं.

---

उत्तर:
दादा, तारीख बघितलीत का? यंदा आपल्याकडचा ईस्टर ५ एप्रिलला, ग्रीकांचा १२ला. म्हणजे ११ हा त्यांचा ईस्टरआधीचा शनिवार! सकाळी अकराला लिस्टनच्या आसपास बाल्कन्यांतून पाण्यानं भरलेली मोठाली मडकी रस्त्यावर फेकतात. तुफान गर्दी. निवांत खुर्ची वगैरे विसरा. लवकर पोचा आणि माऱ्याच्या बाहेर उभे राहा. फुटलेलं खापर लोक शुभ म्हणून घरी नेतात.

काकूंच्या जेवणाची काळजी नको, तेव्हा ग्रीकांचे उपवास चालू असतात. 'निस्तिसिमो', म्हणजे उपवासाचं, विचारा: मांस, अंडी, दूध काही नसतं. पण कोळंबी-कालवं त्यांना उपवासाला चालतात, तेव्हा ताटात काय आहे ते बघूनच घ्या.

---

उत्तर:
दोघांचेही आभार! बाबांना वाचून दाखवलं. "आपण थर लावून वर चढतो, हे वरूनच टाकतात? सोपं आहे की!" क्रिकेट बाजूलाच राहिलं. आईचा एकच प्रश्न आहे: खापराचा तुकडा विमानात हँडबॅगेतून नेऊ देतात का?