कर्स्टशिवाय कॉर्नेल: २०२६ मध्ये गोल कोण करणार?

प्रश्न: २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाला लॅक्रॉसमध्ये (जाळीच्या काठ्यांनी चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ) मेरीलँड विद्यापीठाला १३-१० हरवून १९७७ नंतरचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. पण त्यांचा खेळाडू सीजे कर्स्ट आता संघात नाही. पठ्ठ्याने त्या मोसमात ८२ गोल ठोकले होते! आता कसं व्हायचं?

उत्तर: गोल कोणीतरी करेलच हो. मी फेसऑफ बघतो, म्हणजे खेळ सुरू होताना चेंडूसाठी होणारी झटापट. दोघं वाकलेले, काठ्या जमिनीला टेकलेल्या, शिट्टी वाजली की चेंडू कुणाच्या काठीच्या जाळीत? निम्मी मॅच तिथेच.

दुसरं उत्तर: चेंडू मिळून काय, नियमाप्रमाणे ८० सेकंदांत गोलवर शॉट नको का?

प्रश्नकर्ता: तेही खरंच. फेब्रुवारीत इथाकात, कॉर्नेलच्या गावी, मोज्यांवर मोजे घालूनही माझी बोटं बधिर होतात. तरी पहिल्या मॅचला मी हजर!