मलबार कुठं कुठं?
मलबार हिल आणि नौदलाचा मलबार सराव यांचा एकमेकांशी काय संबंध असं विचारलंय, तर थेट काहीच नाही, दोघांनी नाव घेतलंय केरळच्या मलबार किनाऱ्यावरून एवढंच. मिरीच्या व्यापारामुळे ते नाव जहाजवाल्यांच्या तोंडी बसलं आणि मग जो तो वापरत सुटला. पण सगळ्यात भारी केस सिडनीची. तिथे मलबार नावाचं उपनगर आहे, आणि ते नाव किनाऱ्यावरून थेट आलेलंच नाही, 1931 मध्ये मलबार नावाचं प्रवासी आणि मालवाहू जहाज तिथल्या खडकांवर आपटून फुटलं आणि बुडालेल्या जहाजाचं नाव गावाला चिकटलं! त्यात 1992 ला भारत-अमेरिका म्हणून सुरू झालेला मलबार सराव 2023 मध्ये झाला कुठं, तर सिडनीजवळच्याच समुद्रात. योगायोगच, पण मला जाम आवडतो.

पक्ष्यांचं तर विचारूच नका. मलबारी धनेश आपल्या कोकणातही दिसतो, मध्य भारतातही आणि श्रीलंकेतही. युरोपीय लोकांना पक्षी जिथे पहिल्यांदा दिसला तिथलं किंवा ओळखीचं नाव देऊन मोकळे, असाच प्रकार वाटतो. आणि ती मान्सून्ड मलबार कॉफी, म्हणजे बिया पावसाळी वाऱ्यात फुगवलेली, तिचं बरंचसं काम चालतं केरळच्या बाहेर, कर्नाटकातल्या मंगळूरला.