मदत हवी आहे - अपील उशिरा दाखल करायचंय, विलंब माफी मिळेल का?

नमस्कार मंडळी, वडिलांचा वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा तालुक्याच्या दिवाणी कोर्टात फेटाळला गेला. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस असतात, पण निकाल लागला आणि लगेच वडिलांना पॅरालिसिसचा अटॅक आला, मग आयसीयू, फिजिओथेरपी, यातच सगळी मुदत निघून गेली आणि घरात कागदपत्रं बघणारे तेच एकटे.

आता नवीन वकील म्हणतात की मुदत कायदा १९६३ च्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज अपिलासोबतच लावायचा, प्रतिज्ञापत्र आणि डिस्चार्ज कार्ड जोडायचं. निकालाची नक्कल मिळायला जो वेळ गेला तो कलम १२ प्रमाणे मुदतीत धरत नाहीत, हे तरी बरं आहे. १९८७ च्या कातीजी निकालात सुप्रीम कोर्टाने अशा अर्जांकडे उदारपणे बघावं असं म्हटलंय ते मी वाचलं, पण दाव्यात समोरच्या बाजूला असलेले काका एकेका दिवसाचा हिशोब मागणार हे नक्की.

कोणी असा अर्ज केलाय का? डिस्चार्जनंतरच्या काळासाठी कुठले पुरावे चालले, फिजिओथेरपीच्या पावत्या पुरतात की डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतंच? आणि मुख्य काळजी म्हणजे अर्जाचा निकाल लागेपर्यंत काकांनी जमीन विकली तर काय, लिस पेंडन्सची (म्हणजे या जमिनीवर कोर्टात वाद चालू आहे अशी) नोटीस आत्ताच रजिस्टर करता येते का? प्लीज अनुभव असेल त्यांनी सांगा, वडिलांचं अर्धं आयुष्य त्या जमिनीत गेलंय.