‘आय’ला एवढं काय घाबरायचं?

वरच्या कमेंटमध्ये कोणीतरी लिहिलंय की इंग्रजीत लिहिताना सारखं आय आय (I, म्हणजे ‘मी’) करणं उद्धट दिसतं, त्यापेक्षा पॅसिव्हमध्ये, म्हणजे कर्ता न सांगता ‘काम केलं गेलं’ असं लिहावं. पटलं नाही बुवा. आपल्याकडे ‘जेवलो आणि झोपलो’ म्हटलं की कोण ते क्रियापदातच कळतं, इंग्रजीत ती सोय नाही, कर्ता टाकावाच लागतो, त्यात कसला आलाय अहंकार! आणि शास्त्रीय लिखाणात चालत नाही म्हणाल तर वॉटसन-क्रिकचा डीएनएवरचा १९५३ चा पेपर ‘वुई विश टू सजेस्ट’नेच सुरू होतो, एपीएवाले (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, शास्त्रीय लिखाणाचे नियम काढणारे) तर सरळ सांगतात की स्वतः केलेल्या कामाबद्दल एकट्याने लिहिताय तर आय वापरा.

भाचीचा मास्टर्सचा एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, प्रवेश अर्जासोबतचा स्वतःबद्दलचा निबंध) कोथरूडमधल्या एका कन्सल्टंटनी ‘द प्रोजेक्ट वॉज डन’, ‘इट वॉज डिसायडेड’ असा करून दिलेला, म्हटलं अगं प्रोजेक्ट केला कोणी, सोसायटीच्या वॉचमननी? सगळे आय परत घालायला लावले. हां, ओळीनं चार-पाच वाक्यं आयनीच सुरू होत असतील तर दोन जोडून टाका किंवा कामाचं नाव आधी आणा, वाचायला बरं पडतं.

मला उलट खटकतं ते ‘प्लीज सेंड इट टू राहुल अँड आय’, हिंजवडीत रोज दिसतं, तिथे ‘आय’ नाही, इंग्रजीतलं ‘मी’ (me) हवं. राहुल काढून वाचून बघा, लगेच कळेल.