मदत हवी आहे: लिलावातल्या वर्णनात केलेला विनोद बोली लावणाऱ्यांनी वेगळाच घेतलाय, काय करू?

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितोय. रविवारी रात्री लिलाव बंद होतोय म्हणून जरा घाईत विचारतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

घरातली जुनी नाणी मी हळूहळू ऑनलाइन लिलावात लावतोय. बाबांना विचारून, भावंडांच्या वाटण्या झाल्यावर, त्यामुळे तो प्रश्न नाही. सध्या लावलंय ते १८८२ चं, पोर्तुगीज इंडियाचा एक रुपिया, राजा दों लुईस पहिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यातल्या १८७८ च्या करारानंतर गोव्याची ही चांदीची नाणी कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडली गेली आणि वजन, कस सगळं ब्रिटिश रुपयाचंच, ११.६६ ग्रॅम आणि ९१७ ची, म्हणजे हजारात ९१७ भाग शुद्ध चांदी. आमचं काट्यावर ११.४२ भरतं, चांगलंच झिजलंय.

आता मुद्दा. हे नाणं आमची पणजी गळ्यात घालायची. सोनाराकडून वर कडी जोडून घेतलेली, पुढे कधीतरी कुणीतरी ती कडी काढून टाकली आणि राजाच्या डोक्याच्या अगदी वर, कडेला लागून, सोल्डरचा गोळा तसाच राहिला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. असं नाणं लावताना बरेच विक्रेते काय करतात तुम्हाला ठाऊक आहे. तो भाग सावलीत येईल असा फोटो काढायचा आणि खाली लिहायचं 'कंडिशन फोटोप्रमाणे'. मला ते पटत नाही. लपवायचं नाही, पण वर्णन असं लिहायचं की वाचणाऱ्याला मजा यावी, हे मी पहिल्यापासून ठरवलंय. म्हणून मी असं लिहिलं:

'महाराज दों लुईस यांच्या डोक्यावर टेंगूळ आहे. ते राज्यकारभारात आलेलं नाही, आमच्या पणजीच्या सहवासात आलेलं आहे. महाराजांची तक्रार नाही. जवळून घेतलेला फोटो क्रमांक ३ पाहावा.'

फोटो ३ एकदम क्लोजअप आहे, गोळा स्वच्छ दिसतो. पहिले काही दिवस दोनतीन बोल्या, चांदीच्या भावाच्या आसपास. मग परवा एकदम दोघांत चुरस लागली आणि आकडा कुठच्या कुठे गेला. काल रात्री त्यातल्या एकाचा मेसेज आला, की टेंगूळ म्हणजे डाय, नाण्यावर छाप उमटवणारा साचा, तुटल्यामुळे आलेला उंचवटा ना, म्हणजे एरर कॉइन, दुसरीकडे असं पीस बघितलं नाही, घरी ठेवण्याऐवजी लावल्याबद्दल आभार. मला वाचून कसंतरीच झालं. माणूस सोल्डरच्या गोळ्याला टांकसाळीची चूक समजून पैसे वाढवतोय आणि दुसरा त्याचं बघून वाढवतोय.

आमच्या मावसभावाचं म्हणणं असं, की तू खोटं एक अक्षर लिहिलेलं नाहीस, फोटो दिलायस, पणजीचा उल्लेख केलायस, आता समोरचा काय समजतो ते त्याचं त्याने बघावं, लिलाव म्हणजे लिलाव. कायद्याने कदाचित बरोबरही असेल तो. पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुणी माझ्यासमोर नाणं हातात धरून 'हे एरर ना?' असं विचारलं असतं तर मी गप्प बसलो असतो का? नसतो. मग स्क्रीनच्या पलीकडे आहे म्हणून गप्प कसं बसायचं?

त्या साइटवर बोली लागल्यावर मूळ मजकूर बदलता येत नाही, खाली पुरवणी जोडता येते. लिलाव पूर्ण रद्दही करता येतो पण मग सगळ्यांच्याच बोल्या जातात, ज्यांनी नीट समजून बोली लावली त्यांच्यावर तो अन्याय. तर पुरवणी पुरेशी आहे का, की त्या दोघांना वेगळं कळवून बोली मागे घ्यायची संधी द्यावी? आणि सोल्डर आहे हे नुसतं सांगून भागेल की तसं सिद्ध करून दाखवता येतं? आणि पुढच्या वेळेपासून विनोद बंदच करावा का? हे शेवटचं विचारताना मला खरंच वाईट वाटतंय. कारण ह्या बाजारात सगळीकडे एकच सूर आहे, 'अतिदुर्मिळ', 'लाखमोलाचं', 'एकच नग'. १९५२ चा रुपिया तांबे-निकेलचा, पण चांदीचा म्हणून लावतात. राम-सीता-हनुमानाचे 'ईस्ट इंडिया कंपनी'चे टोकन, जे कंपनीने कधी काढलेच नाहीत, ते १८१८ सालचे म्हणून विकतात. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतील अशा जाहिराती येतात आणि आधी कमिशन मागतात, २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर सांगावं लागलं की आमच्या नावाने असे पैसे मागणाऱ्यांना बळी पडू नका. त्यात कुणीतरी हसत हसत खरं सांगितलं तर घेणाऱ्याचाही विश्वास बसतो असा माझा अनुभव आहे. मागे १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया लावला होता, ज्याच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि एवढा गदारोळ झाला की १९१२ पासून हत्ती सुधारावा लागला. वर्णनात लिहिलं होतं, 'हत्ती आहे, डुक्कर नाही, सरकारची शपथ. कड दोन ठिकाणी ठेचलेली आहे.' घेणाऱ्याने पार्सल मिळाल्यावर फोन करून सांगितलं, जसं लिहिलं तसंच आहे.

आणखी एक, लिस्बनहून एकाने विचारलंय की रुपिया तिकडे पाठवाल का. त्याबद्दलही कुणाला माहिती असेल तर सांगा.

प्रतिसाद:
पुरवणी आत्ता टाका, सकाळची वाट बघू नका. त्या मेसेज करणाऱ्याला सरळ उत्तर द्या, 'एरर नाही, कडी काढल्याची सोल्डरची खूण आहे.' दुसऱ्यालाही तेच. त्याने विचारलं नाही म्हणून त्याला अंधारात ठेवू नका, बोली तर त्याचीही चढलीय.

प्रतिसाद:
सिद्ध करता येतं दादा, आणि सोपं आहे. डाय कडेला तुटली तर त्या जागी धातू भरून उंचवटा येतो खरा, पण तो नाण्याच्याच धातूचा असतो, रंग तोच, आणि कडेवरच्या उभ्या रेघा सहसा शाबूत राहतात कारण त्या कॉलरमुळे, म्हणजे नाणं पाडताना भोवती असणाऱ्या कड्यामुळे उमटतात, डायमुळे नाही. शिवाय बरोबर मागच्या बाजूला ठसा कमजोर दिसतो, कारण धातू पुढे सरकलेला असतो. सोल्डर असेल तर गोळा कडेवरून खाली उतरलेला दिसेल, रेघा बुजलेल्या किंवा कानसलेल्या, रंग थोडा पिवळट किंवा काळपट, आणि मागचा ठसा व्यवस्थित. तेव्हा कडेचा एक फोटो आणि मागच्या बाजूचा त्याच जागेचा एक फोटो पुरवणीत टाका, जाणकाराला एका नजरेत कळेल. आणि कृपा करून तो गोळा घासायला जाऊ नका, चिंच, टूथपेस्ट काहीही नको. घासलेल्या चांदीवर बारीक ओरखडे येतात ते भिंगाखाली लगेच दिसतात, मग आहे ती किंमतही जाते.

प्रतिसाद:
लिस्बनवाल्याला स्पष्ट नाही सांगा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. १८८२ चं नाणं त्यात सरळ बसतं. पाकिटावर 'जुनं पदक' किंवा 'गिफ्ट' लिहून पाठवा म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, कस्टमने पकडलं तर नाणंही जाईल आणि तुम्हीही अडकाल. १९५८-५९ चे एस्कुदो, म्हणजे रुपियानंतरची गोव्याची पोर्तुगीज नाणी, शंभर वर्षांच्या आतले, त्यांची गोष्ट वेगळी, पण तेव्हाही पुरातत्त्व खात्याचं पुरावस्तू नसल्याचं सर्टिफिकेट घेऊनच पाठवा. आणि हे सगळं धंदा म्हणून करणार असाल तर शंभर वर्षांवरच्या वस्तू विकायला लायसन्स लागतं, ते बघून घ्या.

प्रतिसाद:
माझं मत थोडं वेगळं. विनोद बंद करा असं मी नाही म्हणणार, पण तुमच्या दोन वर्णनांतला फरक बघा. हत्तीच्या रुपयात विनोद हत्तीवर होता आणि 'कड दोन ठिकाणी ठेचलेली' हे साध्या शब्दांत वेगळं होतं. रुपियाच्या वर्णनात कडी हा शब्दच नाही, सोल्डर हा शब्दच नाही, सगळी मदार टेंगळावर. मी घेणारा असतो तर मलाही कळलं नसतं. पहिल्या ओळीत वजन, साल, दोष, 'माउंट (कडी) काढलेलं, सोल्डरची खूण'. मग महाराज आणि पणजी खुशाल येऊ देत, मी तर आवडीने वाचीन.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रीच पुरवणी टाकली: 'हे एरर कॉइन नाही. दागिन्यात वापरलेलं, कडी काढलेलं, वरच्या कडेवर सोल्डर आहे. ज्यांनी एरर समजून बोली लावली असेल त्यांनी बोली मागे घ्यावी, माझी हरकत नाही.' दोघांनाही वेगवेगळा मेसेज केला. मेसेजवाल्याने बोली मागे घेतली आणि आकडा खाली आला. दुसऱ्याने लिहिलं की त्याला सोल्डर आधीच दिसलं होतं, त्याला पणजीसकट नाणं हवंय म्हणून तो थांबतोय. मावसभाऊ सकाळपासून बोलत नाहीये, त्याची समजूत घरी काढतो.

लिस्बनला नकार कळवला. कडेचे फोटो काढलेत, रेघा गोळ्याखाली खरंच बुजल्यात, मागचा ठसा पूर्ण आहे, तेही पुरवणीत जोडले. आता १९५२ चा रुपिया लावायचाय, पहिली ओळ अशी लिहिलीय: 'तांबे-निकेल, चांदी नाही, मध्यम झिजलेलं, साफ केलेलं नाही.' यात काही सुटलं असेल तर सांगा, मग पुढची ओळ लिहायला घेतो.