भागीदारी फर्मची एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) केली तर घर वाचतं का?

प्रश्न: इचलकरंजीत आम्हा दोघा भावांची यंत्रमागाच्या सुट्या भागांची नोंदणीकृत फर्म आहे. बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळतं कर्ज) ४० लाख, व्यापाऱ्यांचं देणं १८ लाख. मामा १० लाख घालायला तयार आहेत, पण धंदा बसला तर शेती जाईल अशी त्यांना धास्ती. एलएलपी केली की सगळे सुटलो ना?

उत्तर १: मामा सुटतील, तुम्ही अर्धेच.

फर्ममध्ये प्रत्येक भागीदार सगळ्या देण्याला एकटाही जबाबदार असतो (१९३२ चा भागीदारी कायदा, कलम २५). मामा नुसते नावाला भागीदार झाले तरी त्यानंतरच्या देण्यासाठी त्यांच्या शेतीपर्यंत येता येतं. एलएलपीत त्यांचे १० लाख जातील, पुढे काही नाही. मात्र करारात १० लिहून ६ च भरले, तर उरलेले ४ त्यांच्याकडून वसूल होऊ शकतात.

क्रम चुकवू नका. रूपांतराच्या वेळी एलएलपीत फर्मचेच सगळे भागीदार लागतात, बाहेरचा एकही चालत नाही. म्हणून आधी तुम्ही दोघं रूपांतर करा, मामांना नंतर घ्या. आणि ते १८ लाख? देणं एलएलपीकडे जातं, पण तुमच्या दोघांच्या मानेवरून उतरत नाही. जमेल तेवढं आधीच फेडा.

उत्तर २: खरी मेख बँकेत आहे. रूपांतरानंतर सीसीचे कागद नव्याने होतील आणि तुमची वैयक्तिक गॅरंटी मागतीलच. ती सही केली की त्या ४० लाखांच्या बाबतीत मर्यादित जबाबदारी कागदावरच राहिली. दिवाळखोरीत कंपनीचा तोडगा (कर्ज मिटवण्याची योजना) मंजूर झाला तरी जामीनदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. गॅरंटीला रकमेची कमाल मर्यादा लिहून मागा. माल, येणी, यंत्रं तारण द्या, घर शेवटी. बँकेच्या कागदांवर मामांची सही कुठेच नको, त्यांना नियुक्त भागीदारही (कायद्याची पूर्तता ज्याच्यावर असते तो) करू नका.

प्रश्नकर्ता: मग प्रा. लि. (खाजगी मर्यादित कंपनी) बरी का?

उत्तर १: गॅरंटी तिथेही मागतात. आयकराच्या थकबाकीतही फारसा फरक नाही: कंपनीकडून वसूल झाली नाही, तर आपला घोर निष्काळजीपणा वा गैरवर्तन नव्हतं हे डायरेक्टरला सिद्ध करावं लागतं, एलएलपीच्या भागीदारालाही तसंच. तुमच्या आकाराला एलएलपी पुरे. मात्र एलएलपीची वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेली की ऑडिट लागतंच.

उत्तर ३: रूपांतरानंतर १२ महिने प्रत्येक अधिकृत पत्रावर ‘पूर्वीची फर्म’ असा उल्लेख आणि जुन्या फर्मचं नाव लागतं, लेटरहेड छापताना लोक हेच विसरतात. घरखर्च एलएलपीच्या खात्यातून भागवू नका. ज्यांचं देणं आहे त्यांना फसवण्याचा हेतू सिद्ध झाला, तर एलएलपी कायद्याच्या कलम ३० खाली त्यात सामील भागीदाराची जबाबदारी अमर्याद होते. दरवर्षी फॉर्म ११ (वार्षिक विवरणपत्र) ला ३० मे, फॉर्म ८ (हिशेबाचं विवरण) ला ३० ऑक्टोबर ही शेवटची तारीख. चुकलं की विलंब शुल्क.